राह खार्नला आयरिश शिकले, परीक्षा दिली, त्याचा सगळा हिशेब

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आयरिश भाषेच्या परीक्षेचा रिझल्ट आला, पास झाले. गेल्या दीड वर्षात मला ज्या ज्या गोष्टी शोधायला रात्री जागाव्या लागल्या त्या एका जागी लिहून ठेवते. आयर्लंडमध्ये राहणार्‍या कुणा मराठी आईबापाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात लेकीच्या गृहपाठापासून झाली. आम्ही मीथ काउंटीत नॅव्हनला राहतो, नवरा आयटीत आणि मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. इथे प्राथमिक शाळेत पहिल्या वर्षापासून मुलांना आयरिश असतं, राज्यघटनेने तीच पहिली अधिकृत भाषा आहे. लेक पहिलीत असेपर्यंत रंग, प्राणी, आकडे एवढंच होतं म्हणून निभावलं. दुसरीत गेल्यावर वाक्यं सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये एका संध्याकाळी ती वही घेऊन आली, "आई, गाय तर बो ना, मग इथे मो का लिहिलंय?" मला काही सांगता येईना. गणित, इंग्लिश, सगळ्याला मी बसते तिच्याबरोबर आणि या एकाच विषयाला ती एकटी, हे मला फार लागलं.

त्या रात्री तासभर डिक्शनरीत तो शब्द शोधला, मिळाला नाही. नंतर कळलं की मिळणारच नव्हता. आयरिशमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. गाय म्हणजे बो, 'ती गाय' म्हणताना वो, 'आमची गाय' म्हणताना मो. आपल्याकडे घर, घरात, घराला करताना शब्दाचं शेपूट बदलतं, इथे तोंड बदलतं, एवढाच फरक. पण तो फरक कुणी सांगितला नाही तर माणूस आठवडाभर अडकतो. लिहिताना 'आमची गाय' मधल्या बी च्या आधी एक एम येऊन बसतो आणि उच्चार त्या एमचा होतो. म्हणून पहिली टीप हीच घ्या, शब्दाच्या सुरुवातीला एमबी, जीसी, डीटी अशी विचित्र जोडी दिसली की पहिलं अक्षर झाकायचं आणि उरलेला शब्द शोधायचा. बीएचएफ असेल तर बीएच झाकायचं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळच्या क्लासला नाव घातलं. दहा आठवडे, आठवड्याला दोन तास. पहिल्या तीन तासांत मी दोनदा रडकुंडीला आले कारण बाकी सगळे आयरिश होते, शाळेत तेरा-चौदा वर्षं ही भाषा त्यांच्या कानावरून गेलेली, विसरलेली असली तरी आत कुठेतरी होती. माझ्या आत काहीच नव्हतं. मग चौथ्या की पाचव्या तासाला शिक्षिकेने सांगितलं की या भाषेत हो आणि नाही असे शब्दच नाहीत, ज्या क्रियापदाने विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं. "अन दिगन तू?" म्हणजे कळतंय का, आणि उत्तर "तिगिम", कळतंय. वर्गातले सगळे कुरकुरले आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण आपण दुसरं काय करतो? जेवलीस? जेवले. आलास? आलो. पुढे तर आणखीच. माझ्याकडे गाडी आहे, तर "ता कार अगम", तेही शब्दशः 'आहे गाडी माझ्याकडे' असंच. मला भूक लागली, तर 'भूक माझ्यावर आहे'. इंग्लिशमधून शिकू नका, मराठीतून शिका, हे मी आता प्रत्येकाला सांगते. वहीत डावीकडे आयरिश आणि उजवीकडे मराठी लिहायला लागले त्या दिवसापासून गाडी रुळावर आली.

क्लास एप्रिलमध्ये संपला. शिक्षिका म्हणाली, आता बोलायची सवय लागायला हवी, तू तर राह खार्न या आयरिश बोलणाऱ्या गावाच्या इतक्या जवळ राहतेस, जात का नाहीस? मी हे नावही ऐकलं नव्हतं. चार वर्षं नॅव्हनला राहून! आमच्या घरापासून गाडीने अर्धा तास.

जिथे रोजच्या व्यवहाराची भाषा आयरिश आहे अशा भागांना गेल्टाख्त म्हणतात आणि ते जवळजवळ सगळे देशाच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या टोकांना आहेत, समुद्रकाठी, डोनेगल, मेयो, गॉलवे, केरी असे. मीथ तर डब्लिनच्या शेजारची काउंटी, देशातली सगळ्यात कसदार जमीन, मोठमोठी कुरणं आणि बोलणं सगळं इंग्लिश. मग तिथे मधोमध हे गाव कसं?

तर हे गाव उचलून आणलेलं आहे. पश्चिमेला कोनेमारात लोक खडकावर शेती करायचे, म्हणजे अक्षरशः खडकावर, समुद्रातून शेवाळ पाठीवर आणून वाळूत मिसळून त्यात बटाटे लावायचे. जमिनीचे तुकडे इतके लहान की त्यावर घर चालणं शक्य नाही, आणि एका घरात दहा-बारा माणसं. १९३०च्या दशकात मार्तीन ओ काय्न नावाचे तिथले एक शाळामास्तर (पुढे मोठे लेखक झाले) आणि त्यांचे साथीदार यांनी मागणी लावून धरली की पूर्वेकडे मोठ्या इस्टेटी सरकारच्या लँड कमिशनकडे येतायत त्यातली जमीन आम्हाला द्या, पण एकेकट्याला नको, गावच्या गाव एकत्र हलवा म्हणजे भाषा टिकेल. १९३४ मध्ये यातले काही जण कोनेमाराहून सायकलवर डब्लिनला गेले, तेव्हाचे सरकारप्रमुख डी व्हॅलेरांना भेटायला. देशाच्या एका टोकाहून दुसर्‍या टोकाला, सायकलवर. १९३५ मध्ये २७ कुटुंबं राह खार्नला आली, १९३७ मध्ये आणखी ११, मिळून ४४३ माणसं. प्रत्येक कुटुंबाला एक घर, साधारण २२ एकर जमीन, थोडी जनावरं आणि अवजारं, आणि बदल्यात कोनेमारातली आपली जमीन सोडून द्यायची.

हे वाचताना मी थांबले. माझे आजोबा कोयना धरणग्रस्त. साठच्या दशकात त्यांचं गाव शिवसागरच्या पाण्याखाली गेलं आणि आम्हाला जमीन मिळाली रायगड जिल्ह्यात. गावातली घरं मात्र एकत्र गेली नाहीत, तीन ठिकाणी विखुरली. आजोबा शेवटपर्यंत 'गाव' म्हणाले की त्याचा अर्थ पाण्याखालचं, आम्ही राहायचो त्याला ते 'वसाहत' म्हणत. त्यामुळे मला राह खार्न बघायचं होतं. परीक्षा वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हती.

पहिल्यांदा गेलो ते मे २०२४ मधल्या एका शनिवारी. नॅव्हनहून एन५१ ने अॅथबॉयला जायचं आणि तिथून लहान रस्ता. बसच्या भरवशावर राहू नका, गाडी नसेल तर अॅथबॉयपर्यंत येऊन पुढचं कुणाला तरी विचारून ठरवा. दुसरं म्हणजे गेल्टाख्तमध्ये शिरलं की पाट्यांवर गावांची नावं फक्त आयरिशमध्ये असतात आणि फोनमधला मॅप बर्‍याचदा इंग्लिश नाव बोलतो, आम्ही एका चौकातून तीनदा फिरलो. लॉगनम नावाची सरकारी साइट आहे तिच्यावर दोन्ही नावं मिळतात, आधी बघून कागदावर लिहून घ्या.

गाव म्हटल्यावर मी मनात एक चौक, चार दुकानं असं काहीतरी धरलं होतं. तसं नाही. सरळ रस्ते, रस्त्याच्या कडेने एकसारखी घरं, प्रत्येक घर आपल्या शेतात. आता बर्‍याच घरांना खोल्या वाढवल्यात पण मूळ लँड कमिशनचा साचा ओळखू येतो, रायगडच्या आमच्या वसाहतीत अजून ओळखू येतो तसाच. शाळा, चर्च, सहकारी संस्थेचं केंद्र, एवढं. प्राथमिक शाळेला ओ ग्रोनी या पाद्र्यांचं नाव आहे. ते अॅथबॉयजवळच जन्मले, १८६३ मध्ये, आणि आयरिश शिकण्यासाठी त्यांनी लिहिलेले धडे एकेकाळी हजारो लोकांनी गिरवले. त्यांना स्वतःला लहानपणी आयरिश येत नव्हतं, मोठेपणी शिकले. हे मला वर्गात कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

तिथे गप्पांचा एक गट भरतो असं कळलं आणि मी महिन्यातून दोनदा जायला लागले. चहा, बिस्किटं आणि तासभर फक्त आयरिश. पहिल्या दोन वेळा मी नाव सांगितलं, हवा कशी आहे ते सांगितलं आणि गप्प बसले. कुणी हसलं नाही, कुणी इंग्लिशवरही गेलं नाही. ही त्यांची मोठी मेहरबानी होती. डब्लिनमध्ये तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्लिश बोलतो, चांगल्या मनाने बोलतो, पण तुमचं शिकणं तिथेच थांबतं.

त्या गटात एक आजी होत्या. इथे वयाने मोठ्यांनाही सगळे नावानेच हाक मारतात पण माझ्या तोंडून काही ते येईना, मी मनात आजीच म्हणायचे. त्या चुका दाखवायच्या नाहीत. मी चुकीचं वाक्य बोलले की त्या तेच वाक्य बरोबर करून मलाच परत द्यायच्या, जणू उत्तरच देतायत, आणि कपात चहा ओतायच्या. मी एकदा 'मी माझ्या आईच्या घरी गेले होते' म्हणायला गेले आणि आईचा शब्द न बदलता तसाच ठेवला, "मो माहिर" (मो म्हणजे इथे माझी). त्या म्हणाल्या, "अच्छा, दो वाहिर (तुझी आई) कडे गेली होतीस, कशी आहे दो वाहिर?" सगळं आयरिशमध्येच. पुन्हा मी ती चूक केली नाही.

त्यांचा जन्म इथलाच, आईवडील पहिल्या २७ मधले. त्या सांगायच्या की वडिलांनी आयुष्यभर फावड्यासारख्या अवजाराने माती ओढलेली, इथे आल्यावर सपाट, दगड नसलेलं, गवताने भरलेलं रान आणि नांगर-घोडा. बांध घालायला दगडच नाहीत म्हणून ते पहिले काही महिने बेचैन होते म्हणे. आसपासच्या लोकांना हे आलेले आवडले नव्हते, आणि ते मला समजूही शकतं, कारण तिथल्या भूमिहीनांनाही त्याच जमिनीची आशा होती. पण दुकानात आयरिश बोललं की पोरांना चिडवायचे, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. २२ एकरात दहा माणसांचं पोट भरत नाहीच, म्हणून पुढे बरेच जण इंग्लंडला गेले. दारख ओ काहान म्हणून जुन्या पद्धतीच्या गाण्यातले नावाजलेले गायक, तेही लहानपणी या स्थलांतरात आलेले आणि नंतर लीड्सला कामाला गेलेले.

आणि सगळ्यात जास्त मनाला लागलं ते हे. भाषा टिकावी म्हणून आणलेल्या या गावाला गेल्टाख्त असा अधिकृत दर्जा मिळाला १९६७ मध्ये. ३२ वर्षांनी, तोही भांडून. तोपर्यंत गेल्टाख्तच्या सवलती, घराची अनुदानं काही लागू नाही, कारण कागदावर हे गाव गेल्टाख्त नव्हतंच. पुनर्वसनाचे कागद ज्यांच्या घरात ट्रंकेत अजून ठेवलेले आहेत त्यांना हे वेगळं समजावायला नको. मीथमध्येच गिब्सटाउनला, बाल्या यिब म्हणतात त्याला आयरिशमध्ये, १९३७ मध्ये अशीच वसाहत झाली पण तिथे वेगवेगळ्या काउंट्यांमधून लोक आणले, बोली वेगळ्या, एकमेकांचं पटकन कळेना, आणि तिथे इंग्लिश लवकर शिरलं असं लोक सांगतात. राह खार्नची माणसं सगळी कोनेमाराची होती. आपलं गाव तीन ठिकाणी टाकणार्‍या साहेबाला हे कुणी सांगितलं असतं का असं मला तिथे बसून वाटत राहिलं.

आजींचा एक शब्द आहे, शिअर, म्हणजे पश्चिमेला. कोनेमाराला जायचं तर त्या 'शिअर' जाते म्हणतात, एवढंच. त्यांचा जन्म मीथचा, शाळा मीथची, नवरा मीथच्या मातीत पुरलेला, तरी.

आता परीक्षेचं सांगते. टेग नावाची परीक्षा मेनूथ युनिव्हर्सिटी घेते, मोठ्या माणसांसाठी, युरोपियन पातळ्यांप्रमाणे ए१ पासून सी१ पर्यंत. मला कुठल्या नोकरीसाठी नको होती, पण तारीख समोर असल्याशिवाय मी अभ्यास करत नाही हे मला माहीत आहे म्हणून ए२ द्यायचं हे नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवलं. ए१ सोडून थेट ए२ देता येते. त्यांच्या साइटवर नमुना पेपर आणि ऐकायच्या फाइल फुकट आहेत, महागडं पुस्तक घेण्याआधी ते सगळं संपवा. मी आधी दोन पुस्तकं घेतली, त्यातलं एक उघडलंसुद्धा नाही. फॉर्म ऑनलाइन भरायचा, फी कार्डने. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, वडिलांचं किंवा नवर्‍याचं मधलं नाव कुठे जातंय ते दोनदा बघा. माझं नाव ईमेलमध्ये उलटसुलट आलं होतं, मी लगेच कळवलं, दोन दिवसांत दुरुस्त झालं. परीक्षेच्या दिवशी फोटो ओळखपत्र लागतं, त्यावरचं नाव आणि यादीतलं नाव जुळायला हवं.

मध्येच आणखी एक फॉर्म आला. लेकीच्या वर्गाची राह खार्नला सहल ठरली आणि शाळेने मदतीला पालक हवे म्हणून विचारलं. मुलांबरोबर काम करायचं तर इथे गार्डा व्हेटिंग लागतं, म्हणजे पोलिसांकडून तपासणी, स्वयंसेवकाला पैसे लागत नाहीत. आधी एक कागदी फॉर्म आणि ओळखपत्र शाळेकडे, मग ईमेलवर लिंक येते तिथे बाकीचं भरायचं, त्या लिंकला मुदत असते, स्पॅम फोल्डर बघत राहा. त्यात जन्मापासून आजपर्यंतचे सगळे पत्ते विचारतात. सगळे. मी भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात अडले. आमच्या वसाहतीच्या पत्त्यात रस्ता नाही, घर नंबर सुरुवातीला नव्हता, आणि आईने फोनवर जे नाव सांगितलं ते पाण्याखालच्या गावाचं, कारण वसाहतीलाही तेच नाव दिलेलं. मी तेच लिहिलं, पुढे तालुका, जिल्हा, पिन कोड. पत्ते आधी कागदावर वर्षांसकट लिहून मग भरा, मध्ये एका महिन्याची फट राहिली तरी फॉर्म परत येतो. माझा एकदा आला, नवीन घर मिळेपर्यंत मैत्रिणीकडे राहिलो होतो ते लिहायचं राहून गेलं होतं. पूर्ण व्हायला पाच आठवडे लागले.

परीक्षा मे २०२५ मध्ये, मेनूथला, शनिवारी सकाळी. नॅव्हनहून तासाभराचा रस्ता पण मी दोन तास आधी निघाले आणि ते बरंच झालं, युनिव्हर्सिटीच्या आवारात इमारत सापडायला वेळ लागतो. ऐकायच्या भागात मी घाबरले. माझे कान राह खार्नचे म्हणजे कोनेमाराचे, कशी आहेस हे मला "के ही विल तू" असंच ऐकू यायची सवय, आणि रेकॉर्डिंगमध्ये केरीचा माणूस, डोनेगलची बाई. एक अख्खा प्रश्न माझा निसटला, पुढच्यावर जायचं सोडून मी त्यातच अडकले म्हणून आणखी अर्धा गेला. तुम्ही तिन्ही बोली ऐका, रेडिओ ना गेल्टाख्ता हे आयरिश रेडिओ स्टेशन दिवसातून वीस मिनिटं लावून ठेवलं तरी पुरे, भांडी घासताना लावा. वाचन आणि लेखन ठीक गेलं. तोंडी परीक्षेत स्वतःबद्दल प्रश्न आणि एक छोटा प्रसंग. समोरच्या बाईंनी विचारलं, कुठून आलीस? मी भारत, महाराष्ट्र एवढं तयार करून गेले होते. तोंडातून भलतंच निघालं, माझ्या आजोबांच्या गावावर आता पाणी आहे. 'आहे', 'पाणी', 'गाव', 'वर', सगळे पहिल्या महिन्यातले शब्द. त्या एक क्षण थांबल्या आणि म्हणाल्या, आणि तुम्ही कुठे गेलात? मग मी बोलत राहिले, चुकत चुकत, पण थांबले नाही.

क्लास, एक उपयोगी आणि एक निरुपयोगी पुस्तक, फी आणि येण्याजाण्याचं पेट्रोल धरून दीड वर्षात साडेचारशे युरोच्या आसपास गेले. सगळ्यात मोठा आकडा पेट्रोलचा. रिझल्टला सहा आठवडे लागले, ऐकण्यात जेमतेम, बोलण्यात सगळ्यात चांगले मार्क.

ऑगस्टमध्ये सुट्टीला आम्ही कोनेमाराला जाणार हे आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, शिअर जातेस तर दिल्यास्क आण. ही समुद्रातली लालसर वनस्पती, वाळवून नुसती खातात, खारट लागते. लेतिर मोरच्या बाजूला पुलावरून पुलावर जात, सगळीकडे दगडी बांधच बांध, गाडी थांबवून मी लेकीला दाखवले. दुकानात दोन पाकिटं घेतली. परत आल्यावर आजींनी पाकीट फोडलं, एक तुकडा मला दिला, एक लेकीला, आणि विचारलं कुठलं? मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते नाव बरोबर करून मला परत दिलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा दिलं, या वेळी सावकाश, आणि तिसर्‍यांदा मला आणि लेकीला दोघींना जमलं.